शंभर टक्क्यांची रांग

यंदाच्या गणपतीत विजेच्या गाडीने पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माझ्या मावसभावाने साताऱ्याच्या अलीकडच्या एका हॉटेलच्या आवारातून मला अडीच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्याच्या आवाजामागे भांडण चालू असल्याचे स्पष्ट ऐकू येत होते. चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीत खोचायची केबलची टोके, होत्या आणि त्यांतली एक बंद होती. चालू असलेल्या गनवर लावलेली गाडी ९४ टक्क्यांवर पोहोचली होती, तिचे मालक आत कुटुंबासह मिसळ खात बसले होते आणि बाहेर चार गाड्या ताटकळत उभ्या होत्या. त्यांतल्या कोणीतरी चार्जरचे लाल बटण दाबून वीज थांबवली, आणि मग ‘माझ्या गाडीला हात लावायचा नाही’ इथपासून पुढचे सगळे यथासांग झाले. मेसेजच्या शेवटी मावसभाऊ म्हणाला, “तुमच्या जर्मनीत असलं काही होत नसेल ना रे? आपल्या लोकांना शिस्तच नाही.”

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुढचे दोन दिवस याच वाक्यावर चर्चा चालली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर सरकारने विजेच्या मोटारींना टोल माफ केला, त्यामुळे गाड्या वाढल्या पण माणसे तीच राहिली, असा एका काकांचा सूर होता. हमरस्त्यावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन उभारण्याचे राज्याच्या २०२५ च्या धोरणात लिहिले आहे, ते आधी उभे करा आणि मग शिस्तीच्या गोष्टी सांगा, असे आतेबहिणीचे म्हणणे होते. टॅक्सीवालेच जागा अडवतात, हे तिसरे मत नेहमीप्रमाणे होतेच. मधूनमधून माझ्याकडे परदेशी साक्षीदार म्हणून पाहिले जात होते, म्हणून ही साक्ष.

गेली अकरा वर्षे मी स्टुटगार्टमध्ये राहतो. १९६८ पासून हे शहर मुंबईचे भगिनी-शहर आहे आणि चाकणला मोटारी बांधणाऱ्या मर्सिडीजचे हे मूळ गाव आहे, त्यामुळे इथे पुण्याची माणसे ट्राममध्येसुद्धा भेटतात. आमच्या इमारतीला गॅरेज नाही. घरमालकाकडे चार्जिंग पॉइंटसाठी परवानगी मागण्याचा हक्क इथल्या भाडेकरूला डिसेंबर २०२० पासून कायद्याने मिळाला आहे, परंतु गॅरेजच नसल्यामुळे माझ्या बाबतीत तो हक्क कागदावरच राहतो आणि माझी सगळी भिस्त समोरच्या फुटपाथवरच्या खांबावर असते. खांबाला दोन सॉकेट आहेत. केबल ज्याची त्याने आणायची. चार्जिंग चालू झाले की ती गाडीच्या बाजूनेही अडकते आणि खांबाच्या बाजूनेही, त्यामुळे दुसऱ्याची केबल उपसून काढण्याचा मोह झाला तरी हाती काही लागत नाही. वरच्या पाटीवर लिहिले आहे: विजेच्या गाड्यांसाठी, केवळ चार्जिंगला लावलेल्या असताना, सकाळी आठ ते रात्री आठ कमाल चार तास, पार्कशाइबे लावून. पार्कशाइबे म्हणजे काचेमागे ठेवायची निळी पुठ्ठ्याची तबकडी. तिच्यावर आल्याची वेळ दाखवायची आणि तीही पुढच्या अर्ध्या तासावर, म्हणजे सव्वादहाला आलात तर काटा साडेदहावर. ती पंधरा मिनिटे सरकारने तुम्हाला भेट दिलेली असतात.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री मी नऊ टक्के बॅटरी घेऊन घरी पोहोचलो, तेव्हा दोन्ही सॉकेट भरलेली होती. त्यांतल्या एका करड्या गाडीचे चार्जिंग पूर्ण झाल्याचे खांबावरच दिसत होते. बाहेर उणे सहा तापमान होते. मी अतिशय नम्र जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली, खाली फोन नंबर दिला, ती वायपरखाली ठेवली आणि साडेअकरापर्यंत फोनकडे पाहत बसलो. फोन आला नाही. सकाळी माझीच चिठ्ठी खांबावर पारदर्शक टेपने चिकटवलेली सापडली आणि तिच्याखाली पट्टीने आखल्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली ओळ: रात्री आठनंतर वेळेचे बंधन नाही. दुसरी: थंडीत वायपरचे रबर कागदाला चिकटते, तरी कृपया तिथे काही ठेवू नये. दोन्ही मुद्दे बिनचूक होते. मी त्या दिवशी ट्रामने ऑफिसला गेलो.

हाच करड्या गाडीचा मालक दिवसा तीन तास पन्नास मिनिटांनी खाली येऊन गाडी हलवतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते अनेकदा पाहिले आहे. दिवसाचा सज्जन आणि रात्रीचा हा माणूस एकच आहे. मधला फरक फक्त पाटीवरच्या वेळेचा आहे. म्हणूनच ‘तिकडे शिस्त असते’ हे वाक्य कानावर आले की मी थोडा अस्वस्थ होतो. इथे शिस्त आहे, पण ती पाटी जिथे संपते तिथेच संपते. विजेच्या गाडीसाठी राखलेल्या जागी पेट्रोलची गाडी लावली तर ५५ युरो दंड होतो, म्हणून सहसा कोणी लावत नाही. ईएनबीडब्ल्यू ही आमच्या राज्यातली मोठी वीज कंपनी चार तासांनंतर दर मिनिटाला १० सेंट अडवणूक-शुल्क लावते, कमाल १२ युरोपर्यंत, म्हणून तिच्या खांबांवरून लोक उठतात. आणि हे शुल्क जर्मनांनी हसतमुखाने स्वीकारले, असे कोणाला वाटत असेल तर तेही खरे नाही. एक गृहस्थ एकूण १९ युरो ८० सेंटच्या अशा शुल्कांविरुद्ध कार्ल्सरूहेच्या न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये हरले. टेस्लाला तर २०१६ सालीच, म्हणजे मोजक्या श्रीमंत हौशी लोकांकडेच या गाड्या होत्या तेव्हा, गाडी भरूनही न हलवणाऱ्यांसाठी मिनिटावर पैसे आकारायला सुरुवात करावी लागली होती.

साताऱ्याच्या त्या ९४ टक्क्यांकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण परदेशस्थांच्या उपदेशातले सर्वांत लाडके कलम ‘८० टक्क्यांना उठा’ हे असते. त्यामागचे शास्त्र बरोबर आहे. बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच वीज कमी-कमी घेऊ लागते, आणि फास्ट चार्जरवर शेवटचे वीस टक्के पुष्कळदा आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ खातात. पण माझ्या मावसभावाची गाडी, आणि भारतात खपणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या गाड्या, लोह-फॉस्फेट बॅटरीवर चालतात. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे नेमके किती टक्के उरले आहेत याचा गाडीचा हिशेब चुकत जातो, आणि तो ताळ्यावर आणण्यासाठी ती अधूनमधून शंभरापर्यंत भरा, असे कंपन्याच सांगतात. मिसळ खात बसलेले ते गृहस्थ कदाचित पुस्तिकेतली सूचना पाळत असतील.

अर्थात ते शंभर टक्के रात्री घरी, साध्या सोळा अँपियरच्या सॉकेटवर, सावकाश भरणे सर्वांत सोयीचे. इथे दुसरा धागा येतो. मावसभावाच्या सोसायटीने आगीचे कारण पुढे करून दीड वर्ष चार्जिंग पॉइंटचा अर्ज अडवून ठेवला आहे. प्रत्येक सर्वसाधारण सभेत विषय निघतो, कोणीतरी बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ दाखवतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. घरी चार्जिंग नाही, म्हणून तो पुण्याहून अर्ध्या बॅटरीवर निघतो. पुढच्या स्टेशनवरची गन चालू असेल याची खात्री नाही, म्हणून मिळेल तिथे काठोकाठ भरून घेतो. आणि त्याच्यासारखे दहाजण एकाच सुट्टीला एकाच रस्त्यावर आले की एका बंद गनची रांग होते. सोसायटीच्या सभेत जे अडवले गेले, ते हमरस्त्यावर मिसळीच्या टेबलाशी येऊन बाहेर पडले, इतकाच त्या भांडणाचा प्रवास आहे. त्यात पुन्हा दोन्ही गन चालू असल्या तरी पुष्कळ चार्जर आपली वीज दोघांत वाटून देतात, त्यामुळे शेजारी दुसरी गाडी लागताच पहिल्याचा वेग खाली येतो आणि आलेल्या माणसाने आपली वीज पळवली अशी त्याची समजूत होते.

लाल बटणाचे मात्र मी समर्थन करणार नाही. ते आगीसाठी किंवा शॉक बसण्याच्या प्रसंगासाठी असते. ते दाबल्यावर अनेक चार्जर पूर्ववत करून घेईपर्यंत निपचित पडतात, आणि मग न्याय करणाऱ्यासकट सगळेच अंधारात बसतात. साताऱ्यात पंचवीस मिनिटे तसेच झाले.

पण त्या पंचवीस मिनिटांत तिथे जे घडले, ते मला अकरा वर्षांत इथे पाहायला मिळालेले नाही. रांगेतल्या एका टॅक्सीचालकाने (होय, टॅक्सीचालकानेच) मागच्या गाडीतल्या मुलाच्या वहीचा एक कागद मागून घेतला आणि त्यावर तीन रकाने पाडले: गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, आल्याची वेळ, आणि ‘किती पाहिजे’. मावसभावाने नंतर त्या कागदाचा फोटो पाठवला. तिसरा रकाना मी बराच वेळ पाहत राहिलो. कराडला जाणाऱ्याने तिथे ‘१५ मि.’ लिहिले होते, आणि इतरांनी आपखुशीने त्याला पुढे सोडले होते. मावसभावाच्या मनात शंभर होते; चौघांसमोर लिहायची वेळ आली तेव्हा त्याने ८० लिहिले आणि ८३ ला गन काढली. मिसळवाल्या कुटुंबाचे नावही यादीत सगळ्यांत वर, आधीच्या वेळेसह, नोंदवलेले होते, म्हणजे त्यांची चूक काढूनही त्यांचा नंबर कोणी नाकारला नव्हता.

पेट्रोल पंपावर गाड्यांची रांगच सांगते की पुढे कोण. चार्जरपाशी गाड्या आवारभर विखुरलेल्या असतात, कोणी सावलीत, कोणी शौचालयाजवळ, आणि आपल्या आधी कोण आले हे नवीन येणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पाळी दिसत नसली की प्रत्येकाला आपलीच पाळी आहे असे वाटते. आमच्या या श्वाबेन प्रदेशात जिना आणि अंगण झाडण्याची एक जुनी चाल आहे, तिला केअरवोखे म्हणतात: ज्या घराचा आठवडा, त्याच्या दारावर एक पाटी टांगलेली असते, आणि आठवडा सरला की ती पाटी शेजारच्या दारावर नेऊन लावायची. त्यात सौजन्याचा भाग किती हे मला आजवर कळलेले नाही, पण पाटी कोणाच्या दारावर आहे यावर वाद मात्र होऊ शकत नाही. वहीच्या त्या कागदाने साताऱ्यात हेच काम केले.

माझे मत विचाराल तर अडवणूक-शुल्क आपल्याकडेही सरसकट यावे, पण आधी एक अट घालून: त्या स्टेशनवरची दुसरी गन चालू असली पाहिजे. निम्मी यंत्रे बंद ठेवायची आणि उरलेल्या यंत्रावरच्या ग्राहकाकडून मिनिटाला पैसे घ्यायचे, हे शिस्तीच्या नावाखाली आपल्या दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर ढकलणे होईल. दुसरे असे की हमरस्त्यावरच्या हॉटेलमालकाला तुम्ही अधिक वेळ बसलेले हवे असता आणि चार्जरच्या कंपनीला युनिटचे पैसे मिळालेले असतात, त्यामुळे ‘साहेब, गाडी झाली, काढता का?’ असे म्हणण्यात तिथल्या कोणाचाच फायदा नाही. आमच्या खांबाची जागा महापालिकेची आहे, आणि तिला ती मोकळी हवी असते. हॉटेलच्या वॉचमनला हे काम दिवसाच्या पगारात नेमून दिले, तर निम्मी भांडणे सुरूच होणार नाहीत, असे मला वाटते. गाडीची हिरवी नंबरप्लेट त्याला लांबूनही ओळखता येते आणि माणसे आत कोणत्या टेबलावर बसली आहेत हेही त्याला ठाऊक असते.

उलट दिशेने मला इथे काय आणता येईल, याचाही प्रयत्न करून पाहिला. तबकडीशेजारी काचेमागे मी एक पुठ्ठा ठेवला आहे. त्यावर माझा फोन नंबर, आणि ‘तुम्हाला घाई असेल तर फोन करा, मी खाली येईन’ अशी ओळ जर्मनमध्ये लिहिली आहे. करड्या गाडीच्या मालकाने तो वाचलेला मी खिडकीतून पाहिला आहे. त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. दीड वर्षात त्या नंबरवर एकच फोन आला, तोही तळमजल्यावरच्या आजीबाईंचा. माझा नंबर त्यांना कुठेच सापडत नव्हता, शेवटी त्यांनी तो गाडीच्या काचेतून उतरवून घेतला होता. सोमवार उजाडला आहे, त्या म्हणाल्या, आणि झाडण्याची पाटी अजून तुमच्याच दारावर लटकते आहे.