वंचित व्हायचंय? तारीख बघून व्हा

नोकरी गेली आहे, खिसा रिकामा आहे आणि कुणी दारात उभं करत नाही? उत्तम. अमेरिकेत राहत असाल तर तुमच्या या अवस्थेला बाजारभाव आहे. 'वर्क ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट' नावाची योजना तिथे १९९६ साली आली. तुमच्यासारख्याला कामावर घ्या आणि त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगारातल्या पहिल्या ६,००० डॉलरचे ४० टक्के, म्हणजे २,४०० डॉलर, आपल्या करातून वळते करून घ्या, असं सरकार मालकांना सांगतं. पण नुसतं गरजू असून भागत नाही, गरज नियमात बसावी लागते. चांगली हलाखीत दिवस काढणारी माणसं केवळ नियोजन नसल्यामुळे अपात्र ठरतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा फुकटचा सल्ला.

सगळ्यात आधी, काम मिळवायची घाई करू नका. 'दीर्घकालीन बेरोजगार' म्हणवून घ्यायचं तर सलग २७ आठवडे बिनकामाचं राहावं लागतं आणि त्या काळात कधीतरी बेकारभत्ता घेतलेला असावा लागतो. बऱ्याच राज्यांत हा भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. मधला एक आठवडा तुमच्या जिद्दीवर सोडलेला आहे. चोविसाव्या आठवड्यात कुणी चार दिवसांचं काम देऊ केलं, तर हात जोडून नाही म्हणा. 'सलग' हा शब्द नियमात उगाच घातलेला नाही. घरचे आळशी म्हणतील. त्यांना सांगा, मी पात्रता जमवतोय.

मग हातात येतो या सवलतीसाठीचा फॉर्म ८८५०. त्यातली एक चौकट मला फार आवडते. वर लिहिलंय, खालीलपैकी काहीही लागू असेल तर इथे खूण करा. आणि खाली एकाखाली एक: गेल्या वर्षभरात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलो किंवा तुरुंगातून सुटलो, कुटुंबाला सरकारी अन्नसाहाय्य मिळतं, अपंगांच्या पुनर्वसन संस्थेनं मला इथे पाठवलं, आणि अशीच आणखी काही वाक्यं. भूक, तुरुंग आणि अपंगत्व यांना मिळून एक खूण. नेमकं कोणतं दुःख ते मालकाला कळू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची राहावी, असा त्यात सद्हेतू आहे आणि तो खराही आहे. फक्त या फॉर्मच्या जोडीला ९०६१ नावाचा दुसरा फॉर्म असतो आणि त्यात तेच सगळं वेगवेगळं करून विचारतात. मूठ झाकायची पहिल्या फॉर्मवर आणि उघडायची दुसऱ्यावर.

फॉर्म ८८५० तुम्ही भरायचा तो नोकरी देऊ करण्याच्या दिवशी किंवा त्याआधी. नंतर भरला की फुकट. कामावर हजर झाल्यापासून २८ दिवसांत मालकानं तो राज्याच्या कार्यालयात पोचवायचा. बऱ्याच ठिकाणी भरून घेताना तुम्हाला बजावून सांगतात की याचा तुमच्या निवडीशी काडीचाही संबंध नाही. संबंध नाही तर मग प्रोत्साहन कसलं, असं तोंडावर येईल. विचारू नका, मुलाखत चांगली चाललेली असते.

तुरुंगातून सुटलेल्यांनी घड्याळ लावून बसावं. शिक्षा लागल्यापासून किंवा सुटकेपासून एक वर्षाच्या आत नोकरी लागली तरच तुम्ही या यादीत. खरं सांगायचं तर या योजनेत मला मनापासून पटणारा एखादा गट असेल तर तो हा, कारण इथे दारं खरोखरच बंद असतात. पण तेरा महिने दारं ठोठावून ज्याला कुणीच घेतलं नाही, तो नियमाच्या लेखी सुधारलेला असतो. त्याला आता कसली मदत!

पत्ताही जपा. ठरावीक मागास पट्ट्यात राहणारे १८ ते ३९ वयाचे लोक पात्र आहेत. दोन पगार हातात पडले की जरा बऱ्या वस्तीत खोली घ्यावीशी वाटेल. मन आवरा. पट्ट्याबाहेर राहायला गेल्यापासूनचा पगार सवलतीसाठी धरत नाहीत. तुम्ही गरिबीतून बाहेर पडावं ही सरकारची इच्छा आहे, पण पत्ता तोच ठेवून.

चाळिसावा वाढदिवस मात्र शक्य तितका पुढे ढकला. पट्ट्याच्या अटीत आणि अन्नसाहाय्याच्या अटीतही चाळिशी लागली की तुम्ही बाद. योगायोग असा, की वयावरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध अमेरिकेचा १९६७ चा कायदा संरक्षण देतो तेही चाळिशीपासूनच. एक कायदा म्हणतो, आजपासून लोक तुम्हाला म्हातारा म्हणून नाकारतील, जपा. दुसरा म्हणतो, आजपासून तुम्हाला घेण्यात आमचा रस संपला. दोघांचं एकाच तारखेवर एकमत झालं, हे काय थोडं आहे?

अमेरिका नको वाटत असेल तर युरोपीय संघ आहे. सरकारनं मालकांना मदत कधी द्यावी हे ठरवणाऱ्या तिथल्या ६५१/२०१४ या नियमात 'वंचित कामगार' कोण, हे कलमवार सांगितलंय. वय १५ ते २४ असावं किंवा पन्नाशी उलटलेली असावी. पंचेचाळिशीच्या माणसानं आता कोणत्या खंडात जावं ते मला सुचत नाही. वय जुळत नसेल तर सहा महिने नियमित पगारी कामाशिवाय काढा. सरकारी काम, सहा महिने थांब, ही आपली म्हण युरोपनं थेट नियमात घातली. तेही नको असेल तर अवलंबून असलेल्या मुलाबाळांसह एकटे राहा. जोडीदाराशी पटत नसेल तर अर्जाआधी निर्णय घ्या, नंतर घेतलात तर ते निव्वळ भांडण ठरेल.

सगळ्यात देखणं कलम स्त्री-पुरुष विषमतेचं. तुमच्या देशातल्या सगळ्या क्षेत्रांत मिळून जी सरासरी विषमता असेल, तिच्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त विषमता असलेल्या क्षेत्रात तुम्ही काम करायचं आणि त्यातही कमी संख्येच्या बाजूचं असायचं. तेव्हा व्यवसाय निवडताना आवड, शिक्षण असल्या गोष्टींत अडकू नका, राष्ट्रीय आकडेवारी वाचा. आणि चोवीस महिने बेकार राहण्याची धमक असेल तर तुम्ही 'अतिवंचित'. मालकाला पगाराचा निम्मा भार सरकारकडून एरवी जास्तीत जास्त बारा महिने मिळू शकतो, तुमच्यासाठी चोवीस महिने. चिकाटीला फळ येतं ते असं.

यात तुम्हाला किती मिळतं? छदामही नाही. पैसे मालकाचे, तुम्ही त्यांचं निमित्त. तरी अमेरिकेत स्वतःचा भाव माहीत असलेला बरा. ११९ तास काम केलंत तर तुमची किंमत शून्य. १२० भरले की पगाराच्या २५ टक्के, ४०० भरले की ४० टक्के. त्यामुळे पहिल्या ४०० तासांत साहेब तुमच्या तब्येतीची चौकशी करू लागले तर भारावून जाऊ नका. पुढे ताशी ७.२५ डॉलर या केंद्रीय किमान वेतनानं साधारण ८२८ तासांत तुमचे ६,००० डॉलर पुरे होतात आणि बहुतेक गटांतल्या माणसाचं करातलं मोल तिथेच संपतं. त्यानंतर तुमच्याकडे फक्त कामातलं कौशल्य उरतं. काढून टाकलं तर त्याच मालकाकडे परत जाण्यात अर्थ नाही, जुन्या माणसाला परत घेतल्यास सवलत नाही. मालकाचा मेहुणाही अपात्र आहे. ही एक तरतूद वाचून मात्र ऊर भरून येतो.

मालकमंडळींसाठीही एक शब्द. अमेरिकेतली ही सवलत कायमची नाही, तिथली संसद तिला मुदतवाढ देत असते, कधी मुदत संपून गेल्यावर. २०१३ अखेर ती संपली. २०१४ या अख्ख्या वर्षासाठी ती पुन्हा लागू करणाऱ्या कायद्यावर सही झाली १९ डिसेंबर २०१४ ला. म्हणजे जानेवारीत ज्याला कामावर घेतलं, त्याला घेण्याचं प्रोत्साहन डिसेंबरात मिळालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त या घोड्याला बारा दिवसांची रजा होती. ३१ डिसेंबरला सवलत पुन्हा संपली आणि पुढची सही व्हायला १८ डिसेंबर २०१५ उजाडला, तीही मागच्या जानेवारीपासून लागू करत.

२०२० च्या अखेरीस मिळालेली मुदतवाढ ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची होती. त्यानंतर कामाला लागला असाल तरी मालकाला फॉर्म पाठवायला सांगाच. पूर्वी असा खंड पडला तेव्हा कार्यालयांनी फॉर्म घेऊन बाजूला ठेवले होते. तुम्हाला कामावर घ्यायला तुमचा मालक त्या दिवशी प्रवृत्त झाला होता की नाही, ते वॉशिंग्टनमध्ये सवडीनं ठरेल.