बाप्तिस्मा नाही म्हणून तारण नाही, हा निकाल देणारे आपण कोण?

पुनरुत्थानाचा सण जवळ आला, की मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे मंडळीत प्रवेशाच्या पाण्याच्या विधीसाठी, नावे घेतली जातात आणि त्याबरोबरच एक जुना वाद डोके वर काढतो: बाप्तिस्मा घेतल्याशिवाय तारण, म्हणजे पापापासून सुटका, होते की नाही? मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीत वाढलो, माझे आजोळ वसईचे कॅथलिक आहे आणि आमच्या मागच्या चाळीत भरणाऱ्या प्रार्थनासभेतली मंडळी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा बाप्तिस्मा म्हणून धरतच नाहीत. साहजिकच या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तिन्ही उत्तरे देणारी माणसे बायबल उघडूनच बोलतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. बाप्तिस्मा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे आणि ज्याला तो घेणे शक्य आहे त्याने तो टाळू नये. परंतु कोणी तो घेतला नाही एवढ्यावरून त्याच्या तारणाचा निकाल लावण्याचा अधिकार कोणत्याही मंडळीला नाही.

बाप्तिस्मा आवश्यक मानणाऱ्यांची बाजू आपल्याकडे वाटते तितकी लेचीपेची नाही. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे येशूने निकदेम या यहुदी अधिकाऱ्याला सांगितले. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर बाप्तिस्मा तारतो असे सरळच म्हटले आहे, आणि ते केवळ अंगावरचा मळ धुणे नव्हे, हा खुलासाही तेथेच आहे. उलट बाजूने बहुतेक जण येशूशेजारी वधस्तंभावर मरताना, बाप्तिस्म्याशिवायच, स्वर्गाचे वचन मिळालेल्या चोराचे उदाहरण देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. तो चोर मेला तेव्हा येशू अजून पुनरुत्थित व्हायचा होता आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञाही शिष्यांना मिळालेली नव्हती. तेव्हा त्याच्यावरून नियम किंवा अपवाद काढणे हे घाईचे आहे. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल’ या मार्काच्या शेवटच्या अध्यायातील सोळाव्या वचनावरही फार भिस्त ठेवता येत नाही, कारण सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन मोठ्या हस्तलिखितांत तो शेवटचा भागच आढळत नाही. शिवाय त्या वचनाचा उत्तरार्ध वाचला, तर शिक्षा विश्वास न धरणाऱ्याला सांगितली आहे, बाप्तिस्मा न घेणाऱ्याला नव्हे.

माझ्या दृष्टीने या वादाचा कस लागतो तो प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात. कर्नेल्य हा रोमी शताधिपती. पेत्र त्याच्या घरी बोलत असतानाच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. पाणी अजून आणलेले नाही, कोणाला प्रश्नोत्तरे विचारलेली नाहीत, आणि जे बाप्तिस्म्यानंतर मिळावे अशी अपेक्षा होती ते आधीच मिळून गेलेले आहे. येथे दोन्ही पक्षांची अडचण होते. पाण्याशिवाय देवाचे काम सुरूच होत नाही म्हणणाऱ्यांना हे घर परवडणारे नाही. पण आत्मा मिळाला, आता पाण्याची काय गरज, असे म्हणणाऱ्यांनाही ते परवडत नाही, कारण पेत्र लगेच बाप्तिस्मा देण्याची आज्ञा करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेत्र तेथे कर्नेल्याला काही विचारतच नाही. तो आपल्याबरोबर आलेल्या भावांना विचारतो, की या लोकांना पाण्याची मनाई कोण करील? म्हणजे जाब द्यायचा आहे तो मंडळीने. आपण मात्र हा प्रश्न उलटा फिरवून दारात उभ्या असलेल्या माणसालाच विचारत बसतो.

पाणी मिळाले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. त्याच पुस्तकात शिमोन जादूगाराने विश्वास धरला, बाप्तिस्मा घेतला आणि नंतर आत्म्याचे दान पैशाने विकत मागितले. तेव्हा या गोष्टीत तुला भाग नाही, असे पेत्राने त्याला तोंडावर सुनावले.

पुढच्या इतिहासातही हा ताण कधी सुटला नाही. बाप्तिस्म्याने सारी पापे धुतली जातात म्हणून तो मरणाच्या दारापर्यंत लांबवण्याची पद्धत चौथ्या शतकात होती. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवरच बाप्तिस्मा घेतला. ३९२ मध्ये तरुण सम्राट व्हॅलेन्टिनियन दुसरा मरण पावला तेव्हा त्याने बाप्तिस्मा मागितला होता, पण तो त्याला मिळाला नव्हता. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी त्याच्या अंत्यविधीच्या भाषणात रडणाऱ्यांना धीर दिला, की ज्याची त्याने इच्छा धरली ते त्याला मिळालेच आहे. कॅथलिक शिकवणीत पुढे इच्छेचा बाप्तिस्मा आणि हुतात्म्यांसाठी रक्ताचा बाप्तिस्मा असे म्हटले जाऊ लागले, त्याला हाही एक आधार आहे. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणणाऱ्याला शापित ठरवले खरे, पण त्याच परिषदेने बाप्तिस्म्याच्या इच्छेलाही जागा ठेवली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणात हे फार नेमके मांडले आहे: देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे, परंतु देव स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही. मी प्रॉटेस्टंट असूनही कबूल करतो, की यापेक्षा चांगली मांडणी आमच्याकडे मला सापडलेली नाही.

माझी मामेबहीण एका प्रसूतिगृहात परिचारिका आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले मूल काचेच्या पेटीत असते, नाकाला नळी, पायाला चिकटपट्टी, आणि बाहेर उभी असलेली आई फादर येईपर्यंत वेळ उरेल की नाही हे विचारत असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ही बाळाच्या कपाळावर सिरिंजने कोमट पाण्याची बारीक धार सोडते आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने हे शब्द उच्चारते. कॅथलिक नियमानुसार अशा निकडीच्या प्रसंगी कोणीही, स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्तीसुद्धा, योग्य हेतू असल्यास बाप्तिस्मा देऊ शकते. मला या नियमात कडकपणापेक्षा कळवळाच अधिक दिसतो. आणि ती धार सोडायलाही वेळ मिळाला नाही तर? ते बाळ स्वर्गाच्या उंबरठ्यावर कायमचे अडकून राहते, ही समजूत अनेक आजींनी अनेक सुनांना ऐकवली. परंतु व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने २००७ मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता आमच्या घरचा आहेर. ‘बाप्तिस्मा म्हणजे फक्त चिन्ह’ हे वाक्य आमच्यातले कितीतरी जण प्रॉटेस्टंट शिकवण म्हणून ठोकून देतात. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने असे कधीच म्हटले नाही. त्याच्या अनुयायांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे विश्वासाच्या जाहीरनाम्यात, बाप्तिस्मा तारणाला आवश्यक असल्याचेच लिहिले आहे. सतराव्या शतकातली प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची वेस्टमिन्स्टरची कबुली मधली वाट धरते: बाप्तिस्म्याची हेळसांड हे मोठे पाप आहे, पण कृपा त्याला अशी चिकटलेली नाही, की त्याशिवाय कोणाचे तारणच होऊ नये. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) मात्र पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. १८८२ मध्ये तिचे लोक मुंबईच्या बंदरात उतरले आणि पुढच्याच वर्षी तिच्या संस्थापकांनी संस्कार बाजूला ठेवले. मुक्तिफौजेतल्या माणसांचे तारण झालेले नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरीही येशूने स्वतः यार्देनेत घेतलेली आणि शिष्यांना द्यायला सांगितलेली गोष्ट बाजूला ठेवणे मला पटत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत तर या प्रश्नाचा विचार जगून झालेला आहे. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले पटापट काढून घेतली गेली. तोवर त्यांनी बायबल वाचले, प्रश्न विचारले, त्याने एवढे आभाळ कोसळले नव्हते, पाण्याने कोसळले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्वतःच लिहिले, की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त आपल्याला नंतर गवसला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे याच्या उलट झाले. रेल्वेच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या कराराने त्यांचे मन आधी पालटले आणि मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात ते कोणाचे होते? याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. स्वतः सर्वस्व पणाला लावून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने हे केले, म्हणून त्याला वजन आहे.

आज हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो आपल्या मागच्या बाकांवर. तेथे बसणाऱ्यांपैकी काही जण वर्षानुवर्षे उपासनेला येतात, गीते तोंडपाठ म्हणतात, पण बाप्तिस्मा घेत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीला तो दर्जा नाकारताना तिचा बाप्तिस्मा आणि तिचे नियमित चर्चला जाणे या दोन्हींचा विचार केला. मुलीचे शिक्षण, मुलाची नोकरी हे सारे त्या एका नोंदीवर टांगलेले असते. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कच्चा’ म्हणणे सोपे आहे, विशेषतः तीन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या पणजोबांनी ती किंमत मोजली त्यांना. ‘नाही घेतलास तरी चालेल’ म्हणणेही तितकेच सोपे, आणि तितकेच खोटे आहे. त्याला आज्ञा सांगावी, किंमतही लपवू नये, आणि तो तयार होईपर्यंत त्याच्या शेजारी बसावे.

एका मंडळीत मात्र मी वेगळेच पाहिले. असेच एक गृहस्थ वारले. प्रार्थनासभेला सतरंज्या घालणारे तेच आणि आजाऱ्यांना डबा पोहोचवणारेही तेच. रजिस्टरमध्ये नाव नाही म्हणून त्यांच्या अंत्यविधीला पाळकाने नकार दिला आणि पंचांपैकी एकाने विधवेच्या देखत सांगितले, की त्यांच्या तारणाची आम्ही खात्री देऊ शकत नाही. शेवटी दोघातिघांनी मिळून घरीच स्तोत्र वाचले. दफनभूमीचे नियम असतील, ते मला समजतात. पण खात्री मागितली कोणी होती? बाप्तिस्मा घेतलेल्या किती मृतांविषयी आपण ती देऊ शकतो?

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट समितीच्या येत्या सभेत मी एक सूचना मांडणार आहे. नियमित उपासनेला येणाऱ्या, पण बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास पाळकाने तिच्या घरी जावे, शास्त्रवाचन व प्रार्थना करावी, आणि मृताच्या तारणाविषयी समितीच्या कोणत्याही सदस्याने कुटुंबासमोर मत देऊ नये. विरोध होईल याची कल्पना आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी कृत्यांचा दहावा अध्याय वाचून यावे, एवढी विनंती.