शिडी खाली धरली म्हणजे झालं?

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज हमखास फिरतो. "शिडीला स्टॅबिलायझर, लेव्हलर लावणं म्हणजे दुकानदाराची धन. खाली एक माणूस उभा करा, आखूड पायाखाली वीट सरकवा, शिडी जमेल तितकी उभी लावा. बापजाद्यांनी हेच केलं." आमच्या यावल तालुक्यात हेच दिवस धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, खारी माती टाकायचे. हा मेसेज वाचून लोक खरंच वर चढतात, म्हणून लिहितोय.

आधी माणसाचं. तो माणूस मी होतो. काका मातीची पाटी घेऊन वरच्या पायऱ्यांवर, मी खाली दोन्ही हातांनी शिडी गच्च धरलेली. पाटी रिकामी करायला ते उजवीकडे झुकले आणि शिडीचं वरचं टोक भिंत खरवडत सरकलं. माझ्या मुठीत दांडा नुसता पिळला गेला. काकांचं मनगट मोडलं. खाली धरल्याने पाय सरकायचे थोडेफार थांबतात, पण बारा फुटांवरचं टोक आडवं निघालं की खालच्या माणसाचं काही चालत नाही. स्टॅबिलायझर त्यासाठीच असतो: शिडीहून रुंद असे दोन हात, रबरी टोकांनी भिंतीला लांब-लांब टेकणारे. तो नसेल तर वरचं टोक पक्क्या कड्याला दोरीने बांधा. मेसेजमध्ये दोरीचं नावसुद्धा नाही!

विटेचं म्हणाल तर आपल्या काळ्या मातीत ती वजनाने एका अंगाला रुतते, आणि शिडी तिकडेच कलते. लेव्हलरने आखूड बाजूचा पाय लांबवून पक्का करता येतो. नाहीतर उंच बाजूची माती उकरून जागा सपाट करा, दहा मिनिटांचं काम आहे.

"जमेल तितकी उभी" शिडी चढणाऱ्याला घेऊन मागे उलटते. जास्त तिरपी लावली तर पाय निसटतात. चार फूट उंचीला एक फूट, हे माप धरा. म्हणजे बारा फुटांच्या धाब्याला शिडीचे पाय भिंतीपासून तीन फुटांवर. उतरताना धरायला शिडी धाब्याच्या वर तीन फूट निघालेली हवी.

राहिले बापजादे. त्यांच्या शिड्या बांबूच्या होत्या आणि घरावरून विजेच्या तारा जात नव्हत्या. आज घरोघरी ॲल्युमिनियमची शिडी आहे, आणि आमच्या गल्लीत सर्व्हिस वायर धाब्यावरून हाताला लागेल इतकी खाली आलेली आहे. तिथे स्टॅबिलायझर लावलेली ॲल्युमिनियमची शिडीसुद्धा मी नेऊ देत नाही. फायबरग्लासचीच आणायला लावतो.