सॅक माझी, बाक त्याचं

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर जाऊन आलो म्हटलं की लोक आधी कासवांचं विचारतात. मला मात्र माझ्या सॅकबद्दल बोलायचंय, तिला अजून माशांचा वास येतोय.

सान क्रिस्तोबाल बेटावर धक्क्याजवळच्या बाकावर सॅक ठेवून मी बुटातली वाळू झटकत होतो, तेवढ्यात एक सी लायन, म्हणजे सीलसारखा दांडगा समुद्री प्राणी, पाण्यातून ओलाचिंब वर आला, बाकावर चढला, सॅकवर मान टाकली आणि चक्क घोरायला लागला. मी हळूच पट्टा ओढायला हात पुढे केला तर मागून आवाज आला, "ए! सहा फूट!"

आमच्या ग्रुपमधले काका.

"नियम काय सांगितलाय? प्राण्यापासून दोन मीटर. खरं तर साडेसहा फूट होतात, पण तू सहा धर."

"काका, मी कुठे गेलो जवळ? तोच आलाय."

"तो येऊ शकतो. त्याला नियम नाही. तू मागे सरक."

सरकलो. "अजून." अजून सरकलो. काका पावलं टाकत अंतर मोजायला लागले, म्हणजे स्वतः सहा फुटांच्या आत जाऊन.

"अहो काका, पासपोर्ट आहे त्यात!"

"त्याला काय करायचाय तुझा पासपोर्ट? तो इथलाच आहे."

"पण उठणार कधी हा?"

"भूक लागली की उठेल."

"कधी लागते?"

"ते माहितीपत्रकात नाहीये," काका म्हणाले, जणू माहितीपत्रक मीच छापलं होतं.

उन्हात उभं राहिल्यावर माणसाला नको ते आठवतं. १८३५ मध्ये डार्विन इथेच उतरला होता. तो कासवांच्या पाठीवर बसला, त्यांचं मांस खाल्लं, समुद्री इग्वानाला, म्हणजे पोहणाऱ्या मोठ्या सरड्याला, पुन्हा पुन्हा पाण्यात फेकला, तो बिचारा दर वेळी पोहत परत त्याच्याच पायाशी यायचा. एवढं करून त्याच्या नावाने गालापागोसमध्ये संशोधन केंद्र आहे. आणि मी स्वतःची सॅक ओढली तर गुन्हेगार!

नियम पटत नाहीत असं नाही हां. विमानतळावर फळं-बिया शोधायला बॅगा उचकतात तेही पटतं, कारण माणसांनी आणून सोडलेल्या शेळ्यांनी इथे कासवांचा चारा फस्त केला होता आणि त्या निस्तरायला वर्षं गेली. नॅशनल पार्कची प्रवेश फी २०२४ च्या ऑगस्टपासून परदेशी पाहुण्यांना १०० ची २०० डॉलर झाली, वर बेटांवर येण्यासाठी लागणाऱ्या ट्रान्झिट कार्डाचे २० वेगळे, तेही निमूट भरले. पण दोन मीटर पाळायचे ते फक्त ज्याला कोणी दटावलंय त्यानेच, हे काय? बाकीचे येत होते, सी लायनच्या मिशांना नाक लागेल इतकं वाकून फोटो काढत होते, जात होते. सहा फुटांवर ताटकळत मी एकटा! माझ्याकडे बघून एका बाईंनी तर विचारलं, इथे लाइन आहे का म्हणून.

शेवटी पाण्यातून एक थोराड नर भुंकला तसा आमचा साहेब उठला, सॅकवर एकदा सणसणीत शिंकला आणि निघाला.

संध्याकाळी जेवताना काकांनी फोन पुढे केला. सेल्फी. काका, त्यांच्या खांद्याला जवळजवळ टेकलेला सी लायन, आणि वर फ्लॅश, जो इथे मुळात चालतच नाही.

"बघ," ते म्हणाले, "तुझी सॅकपण आलीय. पाठवू?"