रडू आलं नाही तर?

परवा उपास-प्रार्थना संपल्यावर एका मावशींनी मला बाजूला घेतलं. आजूबाजूला सगळे हुंदके देत होते आणि त्यांच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. "मला पश्चात्ताप झालाच नाही का रे? मग माझं तारण कसं व्हायचं?" सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या आवाजातली ती भीती ऐकून मी गप्पच झालो. घरी आल्यावर स्वतःचा राग आला आणि आमच्या उपदेशांचाही. अश्रूंची फी आधी भरा, मग देव क्षमा करील, असंच आपण माणसांच्या मनात रुजवलंय.

यात आपला शब्दही थोडा फसवतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेतानोइया, आणि त्यात ताप नाही, मन पालटणं आहे. ताप तर येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही झाला. त्याने पाप कबूल केलं, चांदीची तीस नाणी परत केली. दुःख, कबुली, भरपाई, सगळं आलं. फक्त तो ख्रिस्ताकडे वळला नाही. म्हणून पश्चात्ताप आणि विश्वास या मला दोन पायऱ्या वाटत नाहीत. ख्रिस्ताकडे तोंड केल्याशिवाय पापाकडे खरी पाठ होतच नाही.

आणि नीतिमान ठरणं, म्हणजे देवाने आपल्याला निर्दोष ठरवणं? इथे मराठी बायबल फार नेमकं बोलतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहून, ऊर बडवत फक्त दया मागतो आणि 'नीतिमान ठरून' घरी जातो. ठरून. होऊन नव्हे! निकाल देवाने दिला. जकातीचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

तो हिशेब पुढच्या अध्यायात येतो, दुसऱ्या जकातदाराकडे. पण हा जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार झाला तो कधी? येशूने 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हटल्यानंतर. उंबराच्या झाडावर होता तेव्हा त्याला कुणी हिशेब विचारला नव्हता. कर्मांवाचून विश्वास निर्जीव, हे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जक्कयची मूठ सुटलीच, पण ती घरी आलेल्या पाहुण्यामुळे.

माणूस नीतिमान ठरतो तो कशाने, याच प्रश्नावरून १६व्या शतकात चर्च दुभंगलं. १९९९ साली ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या) मंडळींनी याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून म्हटलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायचा राहिला, हे उमगायला त्यांना पुढे आठेक वर्षं लागली. एवढ्या मोठ्या विदुषीला! मग मावशींना आपण एका दुपारच्या सभेत रडून मोकळं व्हायला का सांगतो?

येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. लूकचे ते दोन अध्याय सलग वाचून दाखवायचे आहेत. जकातदार रडला, असं लूकने कुठेही लिहिलेलं नाही.