फान्ट म्हणजे तारण

जर्मन शिकताना ‘फान्ट’ हा शब्द मी वहीत ‘तारण, गहाण ठेवलेली वस्तू’ असा उतरवला आणि सावकाराशी काम पडणार नसल्याने विसरूनही गेलो. तो खरा समजला जर्मनीतल्या सुपरमार्केटच्या कोपऱ्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर इथे सहसा २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली यंत्राच्या गोल तोंडात ठेवली की ते ती फिरवून लेबलावरची खूण वाचते आणि शेवटी गल्ल्यावर वटणारी चिठ्ठी देते. माझी पहिली बाटली त्याने तीनदा परत ढकलली, कारण पिशवीत मावावी म्हणून मी ती चांगली चेपून आणली होती.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हा अनामत घेऊन बाटल्या परत घेण्याची तरतूद झाली होती. २०१९ मध्ये दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे अनामतीची घोषणाही झाली. (आपल्याकडे ‘अनामत’ म्हटले की पुढे ‘जप्त’च आठवते.) घरी फोनवर हा विषय निघाला की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य ठरलेले. मला ते पटत नाही, कारण इथली शिस्तही फान्टपुरतीच दिसते. वाइनच्या काचेच्या बाटलीवर इथे सहसा फान्ट नसतो, आणि रविवारी सकाळी बागेतल्या बाकाखाली उरलेली बाटली बहुधा वाइनचीच असते.

जर्मनीत २००३ मध्ये फान्टची सक्ती आली, तेव्हा काही दुकाने केवळ स्वतःकडच्याच बाटल्या घेत. ती पळवाट २००६ मध्ये बुजवली गेली आणि आता मोठ्या दुकानाला दुसरीकडे विकत घेतलेली बाटलीही नाकारता येत नाही. आपल्याकडे चर्चा ५० पैशांवर अडली. पिशवी परत घेणे नेमके कोणावर बंधनकारक, हे मात्र कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला कोणी सांगितले नाही.

अर्थात इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी, असेही मी म्हणणार नाही. इथे बाटल्या वेचून चार पैसे जोडणाऱ्यांत पेन्शनर म्हातारेही दिसतात, आणि त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून अनेकजण बाटली डब्याशेजारी उभी करून ठेवतात. पुण्यात तर ‘स्वच्छ’सारखी कचरावेचकांची सहकारी संस्थाच आहे. उद्या तिथे यंत्रे बसली, तर आज त्यांच्या पोत्यात जाणाऱ्या बाटलीची अनामत त्यांच्या हाती पडणार की नाही, हे यंत्राच्या निविदेआधी ठरायला हवे.