तुमनी घूस

शनिवारी सकाळी साडेदहाला मी माझ्याच अंगणात गुडघ्यापर्यंत जमिनीत गेलेलो होतो आणि गेटवरचा पार्सलवाला मला म्हणत होता, "सर, ओटीपी सांगा."

डावा पाय आत, उजवा बाहेर, हातात जास्वंदीची मोडलेली फांदी. म्हटलं अरे भाऊ आधी हात दे, तर म्हणे मोबाईल कुठंय, द्या मीच बघून घेतो. मोबाईल घरात चार्जिंगला. शेवटी बायकोनं आतून ओरडून आकडे सांगितले, सगळ्या गल्लीला पाठ झाले असतील, मग त्यानं पार्सल माझ्या पोटाजवळ टेकवून फोटो काढला. डिलिव्हरीचा पुरावा लागतो म्हणे. म्हणजे आता कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये मी कायमचा आहे, बनियनवर, जमिनीतून उगवल्यासारखा. पार्सलात काय होतं ते सांगायची इच्छा नाही पण सांगतो. उंदीर-घुशी पळवायचं मशीन. 799 रुपये.

बीळ घुशीचं. महिनाभर हेच चाललंय. आमची कॉलनी गावाच्या बाहेर, काही वर्षांपूर्वीपर्यंत इथं कपाशी होती. काळी माती, मे महिन्यात अशा भेगा पडतात की किल्ली पडली तर गेलीच समजा, आणि त्यात ही बया. किलोभर वजन, दिवसा झोपणार, रात्री खोदणार, सकाळी भुसभुशीत मातीचा ढीग आणि वर आतून मातीचं बूच मारलेलं. एक तोंड बुजवलं की दोन हातांवर दुसरं. विषाच्या वड्या ठेवून झाल्या, ढुंकून बघितलं नाही. शेतीतले जाणकार सांगतात की ती नवीन वस्तूला लगेच तोंड लावत नाही, आधी दोन-तीन दिवस नुसतं साधं खाणं ठेवून सवय लावा आणि मग विष घाला. म्हणजे आधी हिचा पाहुणचार करायचा! माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी कधी सलग तीन दिवस जेवू घातलेलं नाही.

असो. तर पाय बिळात, पार्सलवाला गेला, आणि कंपाऊंडच्या भिंतीवरून आवाज आला, "पाय काढू नका!"

जिभाऊ. शेजारचे. तोंडात निंबाची काडी, डोक्याला उपरणं. मला वाटलं हाड-बीड मोडलं असेल म्हणून माणूस काळजीनं सांगतोय. तर म्हणे, "तसाच ऱ्हाऊ द्या. कितलं खोल शे ते समजाले पाह्यजे." आणि गेटमधून आत येऊन, वाकून, माझ्या पायाला दोरीनं माप लावलं हो या माणसानं. विहिरीला लावतात तसं. "गुडघालगून," असं स्वतःशीच म्हणाले आणि मग मला हात न देता बिळाभोवती एक चक्कर मारली.

जिभाऊंबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ही सगळी जमीन मूळ त्यांची. एन.ए. करून प्लॉट पाडले, विकले, एक कोपऱ्यातला स्वतःला ठेवला. त्यामुळे कॉलनीत कोणाच्याही दारात काही झालं की ते जुन्या मालकाच्या हक्कानं येतात. आमची बोअर आटली तेव्हा आले होते, म्हणे आठे पाणी नव्हतंच कधी. हे प्लॉट विकताना नाही सांगितलं.

मी आपला आपण पाय उपसून काढला, नडगी सोललेली, चप्पल आतच राहिली. म्हटलं जिभाऊ, या घुशीनं वैताग आणलाय.

"घूस?" काडी तोंडातून काढली. "घुसनं बीय इतलं मोठं ऱ्हास का? हाई घूस नही शे. हाऊ सायिंदर शे."

जिभाऊंच्या अहिराणीत ळ चा य होतो, म्हणजे साळिंदर. म्हटलं अहो साळिंदर इथं कुठून येईल, सातपुडा का जवळ आहे? तर म्हणे, "मन्हं वावर व्हतं हाई. आठला उंदीरबी माले वयखतस." आता याच्यावर काय बोलणार. मला ते उंदीर ओळखत नाहीत हे खरंच आहे.

मग पंचनामा सुरू झाला. काठीनं माती उकरली, वास घेतला, चिमूटभर माती जिभेला लावून बघितली (खोटं नाही सांगत), आणि एकदम ओरडले, "दखा! काटा!" हातात वीतभर लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नळी. "काया-धवया पट्टा. सायिंदरना काटा." तोवर दूधवाला थांबला होता, समोरच्या ताई, दोन पोरं. सगळ्यांना जिभाऊंनी मागं सरकायला लावलं. "मांगे सरका, काटा फेकी मारस तो!" साळिंदर काटे फेकून मारत नाही, ते उलटं मागं येऊन धडकतं आणि सैल काटे अंगात रुततात, हे मी सांगायला गेलो पण एका पायावर उभ्या माणसाचं कोण ऐकतं. दूधवाला तर किटली ढालीसारखी धरून उभा.

तो काटा म्हणजे स्ट्रॉ होती. बुधवारी माझ्या मुलानं प्यायलेल्या फालुद्याची. मी सांगितलं. मुलानंही सांगितलं, हा माझा स्ट्रॉ आहे म्हणून. जिभाऊंनी ती स्ट्रॉ धोतराला पुसली, खिशात टाकली आणि म्हणाले पोराले काय समजस.

तुम्हाला वाटेल जाऊ द्या ना, म्हणू दे साळिंदर. पण तसं नाही. साळिंदर 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, त्याला हात लावायची सोय नाही. घुशीला तसलं काही संरक्षण नाही. म्हणजे जिभाऊंचं जमलं असतं तर मी माझ्या तुळशीखाली सरकारी प्राणी सांभाळत बसलो असतो, आणि दूधवाल्यानं बारा वाजेपर्यंत अख्ख्या रस्त्याला सांगितलं होतं की साहेबांकडे साळिंदर निघालं. एका ऑफिसात फोन केला, ते म्हणे घूस आमच्याकडे येत नाही, दुसऱ्याकडे करा. दुसरे म्हणे प्रायव्हेट अंगणात आम्ही येत नाही. घरपट्टी मात्र त्याच अंगणाची येते, वेळेवर येते.

मशीनचं पण सांगून टाकतो. त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, घुशीला येतो म्हणे. मुलगा म्हणाला पप्पा, हा आवाज भिंतीच्या पलीकडं जात नाही, जमिनीखाली कसा जाईल? हे त्यानं पार्सल फोडल्यावर सांगितलं. आता ते किचनमध्ये आहे, निळा लाईट छान पडतो.

म्हणून रविवारी जुना उपाय केला. मडक्याला भोक, आत गोवऱ्या पेटवून वर मूठभर लाल मिरच्या, मडक्याचं तोंड बिळावर उपडं आणि भोकातून फुंकायचं. शेतात लोक करतात. बायको म्हणाली वर्षाच्या मिरच्या आहेत त्या, निवडून ठेवलेल्या, मी म्हटलं एकदाच. पाच मिनिटं फुंकलं, डोळे गेले, छाती गेली, बिळातून काही नाही. आणि मग भिंतीपलीकडून बायकांचा खोकला.

घुशीच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात हे मला माहीत होतं. त्यातलं एक जिभाऊंच्या ओट्याखाली आहे हे नव्हतं. ओट्यावर काकू आणि गल्लीतल्या चारजणी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं वाळवण, खाटेवर टाकत बसल्या होत्या, पहाटेपासूनचं काम, आणि खालून फरशीच्या सांधीतून माझ्या मिरच्यांचा धूर. बायका उठून पळाल्या, कोणाचा तरी पाय कडेच्या फरशीवर पडला, खाली सगळं पोकळच, फरशी आत. बिबड्यांची पूर्ण खाट खाटेसकट तिरपी.

जिभाऊ भिंतीवर आले. काडी नव्हती या वेळी तोंडात.

"तुमनी घूस मन्हा ओटाखाल शिरनी."

म्हटलं जिभाऊ, काल तर साळिंदर होतं. शांतपणे म्हणे, "सायिंदर तुमना आंगनमा व्हतं. मन्हा ओटाखाल घूस शे."

आणि फरशीचे 1,400 रुपये मागितले! ज्या वावरातले उंदीर याला ओळखतात त्या वावरातली घूस एका रात्रीत माझी झाली. मी प्लॉट घेताना सातबारा नीट वाचला होता, इतर अधिकारात घुशीचं नाव नव्हतं. पण काकूंनी अख्खी दुपार खोकून काढली, त्यामुळे आवाज चढवता येईना. बायको म्हणते निम्मे देऊन टाका, शेजार आहे. मी म्हणतो माझ्या नडगीचे निम्मे कोण देणार, माझी चप्पल अजून आत आहे, 350 ची.

आज सोमवार. पाय सुजलाय. रात्री खुरखुर ऐकू येत होती, बरोबर कंपाऊंडच्या भिंतीखालून, ना माझ्याकडं ना त्यांच्याकडं. आत्ता हे टाइप करताना गेट वाजलं. जिभाऊ. मला वाटलं पैशाला आले. तर पायाकडं न बघता म्हणे, ते तुमचं निळ्या लाईटचं मशीन एक रात्र द्या.

मी नाही म्हणायच्या आत बायकोनं ते काढून त्यांच्या हातात दिलंसुद्धा. ओटीपी न मागता.